ढग उठण्याआधी : श्रीलंकेतल्या पहाटवाटा

श्रीलंकेच्या मध्यभागातल्या डोंगराळ मुलखात लांबवर स्वच्छ दिसण्याची वेळ सूर्योदयानंतर जेमतेम दोन-तीन तासांची असते. ज्या कड्यावरून सकाळी सातला दऱ्या, चहाचे मळे, तलाव आणि आभाळ निवळलेले असेल तर दक्षिणेचा समुद्रही दिसतो, त्याच कड्यावर दहाला पोहोचणाऱ्यापुढे बहुतेक वेळा नुसती पांढरी भिंत असते. या बेटावरच्या प्रसिद्ध डोंगरवाटा अंधारात सुरू होतात, त्यामागे उगवत्या सूर्याची ओढ आहेच. पण हवेचे हे वेळापत्रकही तितकेच आहे.

बेट विषुववृत्ताच्या उत्तरेला, साधारण ६ ते १० अंश अक्षांशांमध्ये पसरलेले आहे. चहूबाजूंनी उबदार समुद्र असल्यामुळे हवेत बाष्पाला तोटा नाही. रात्री डोंगरउतार गार होतात. त्यांना लागलेली जड हवा घरंगळत दऱ्यांत उतरते आणि तिथल्या बाष्पाचे धुके होते. त्याच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे हे धुके पहाटेपर्यंत खालीच कोंडलेले राहते. माथे त्यातून बेटांसारखे वर निघालेले दिसतात. ऊन पडले की उतार तापू लागतात, हवा उतार धरून वर सरकते, चढता चढता थंड होते आणि रात्रभर पायाशी असलेले बाष्प ढग होऊन माथ्यावर येऊन बसते. दुपारनंतर त्याच ढगातून अनेकदा पाऊसही पडतो.

पहाटही इथे फार रेंगाळत नाही. उष्ण कटिबंधात सूर्य क्षितिजाशी जवळजवळ काटकोन करून वर येतो, त्यामुळे रस्ता दिसू लागण्याइतके उजाडल्यापासून सूर्यबिंब वर येईपर्यंत वीस-बावीस मिनिटेच जातात. उन्हाळा-हिवाळ्यातला फरकही किरकोळ आहे; वर्षभरात सूर्योदय पावणेसहानंतर आणि साडेसहाच्या आतच होतो. घड्याळ भारताचेच असल्यामुळे इथून जाणाऱ्याला काटे फिरवावे लागत नाहीत. मात्र चढताना अर्धा तास उशीर झाला, तर कार्यक्रमाचा मुख्य भाग हुकतो.

या साऱ्या पहाटवाटांमध्ये सर्वांत जुनी आणि सर्वांत गजबजलेली वाट श्रीपाद पर्वताची. उंची २,२४३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे सहाशे मीटर जास्त. श्रीलंकेतले सर्वांत उंच शिखर हे नव्हे. तो मान नुवारा एलियाजवळच्या पिदुरुतलागलाकडे (२,५२४ मीटर) जातो, पण तो डोंगर गोलसर, शेजारच्या डोंगरांत मिसळून गेलेला आणि माथ्यावर लष्करी ठाणे असलेला. श्रीपाद पश्चिमेच्या सखल प्रदेशाच्या कडेला सुळक्यासारखा एकदम उठतो. पश्चिमेकडून येणाऱ्या जुन्या खलाशांना किनारा दिसण्याआधी हा सुळका दिसायचा, आणि त्याची कीर्ती दूरदूर पसरली ती बरीचशी यामुळेच. सह्याद्रीसारखा हा लाव्हाच्या थरांचा डोंगर नाही. दख्खनच्या काळ्या पत्थरापेक्षा कितीतरी जुन्या, पृथ्वीच्या पोटात प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत घडलेल्या खडकांचा तो आहे. हेच खडक झिजून त्यांतली माणके-नीलमणी नद्यांच्या गाळात येतात. पायथ्याच्या एका गावाचे नावच रत्नपुरा आहे.

माथ्यावर पाऊलठशासारखा दिसणारा, सुमारे पावणेदोन मीटर लांबीचा एक खळगा आहे. बौद्धांच्या श्रद्धेनुसार तो बुद्धाच्या पायाचा ठसा, म्हणून डोंगर ‘श्रीपाद’. तमिळ हिंदू त्याला शिवाचा पाय मानतात आणि डोंगराला ‘शिवनोळिपादमलै’ म्हणतात. मुसलमानांच्या परंपरेत स्वर्गातून उतरलेल्या आदमने पहिले पाऊल इथे ठेवले. ‘अ‍ॅडम्स पीक’ हे इंग्रजी नाव तिथून आले. ख्रिस्ती लोकांतही काहीजण आदमचे, तर काहीजण संत थॉमसचे नाव घेतात. या सगळ्यांआधीपासून डोंगराचा धनी म्हणून मानला गेलेला एक देव आहे तो सुमन समन, म्हणजेच समन देवियो. पांढरा हत्ती हे त्याचे वाहन. सिंहली भाषेत डोंगराचे जुने नाव ‘समनलकंद’. त्याचा अर्थ समनाचा डोंगर असाही लावतात आणि फुलपाखरांचा डोंगर असाही, कारण समनलया म्हणजे फुलपाखरू. मूळ ठसा वरच्या दगडाखाली झाकलेला आहे असे मानतात. यात्रेकरूला दिसते ती वरची आकृती. एका पावलावर चार धर्मांनी हक्क सांगावा आणि तरीही सगळ्यांनी एकाच जिन्याने वर जावे, हा प्रकार जगात फार ठिकाणी नाही. भांडणे झालीच नाहीत असे मात्र नाही. सोळाव्या शतकात सीतावकचा राजा पहिला राजसिंह शैव झाला आणि त्याने डोंगराचा ताबा शैव बैराग्यांना दिला. अठराव्या शतकात कँडीच्या कीर्ती श्री राजसिंहाने तो पुन्हा बौद्ध भिक्षूंकडे सोपवला.

चढण सोपी करण्याचे श्रेय राजेलोकांना जाते. पहिल्या विजयबाहूने अकराव्या शतकात वाटेवर धर्मशाळांची सोय केली आणि यात्रेकरूंच्या खर्चासाठी गावे लावून दिली. अंबगमुवा इथला शिलालेख त्याची साक्ष देतो. तेराव्या शतकात दुसऱ्या पराक्रमबाहूचा मंत्री देवपतिराज याने पूल आणि पायऱ्या बांधून कड्याशी साखळ्या बसवल्या. त्या शतकाच्या अखेरीस या भागातून गेलेल्या मार्को पोलोनेही साखळ्यांचा उल्लेख केला आहे. इब्न बतूता मात्र स्वतः वर गेला. १३४४ मध्ये केलेल्या या चढाईचे त्याने तपशीलवार वर्णन ठेवले आहे. त्याने दोन वाटा सांगितल्या, एक ‘बाबा’ आणि दुसरी ‘मामा’. इथला मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, आई, म्हणजे हव्वा. आणि बाबा म्हणजे आदम. मामाची वाट सोपी. पण तिने चढणाऱ्याला यात्रा घडली असे लोक मानत नसत. बाबाची वाट अवघड, दहा साखळ्या धरून चढण्याची. शेवटच्या साखळीला त्याने श्रद्धेच्या उच्चाराची साखळी म्हटले आहे, कारण तिथे पोहोचलेला माणूस खाली पाहतो आणि भीतीने आपोआप देवाचे नाव घेतो. कळसूबाईच्या शिड्या लागण्यापूर्वी त्या कातळावर चढलेल्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

आज तीन वाटा विशेष वापरात आहेत. रत्नपुऱ्याकडून पलाबद्दलामार्गे येणारी वाट सर्वांत जुनी आणि लांब. कुरुविटा-एरत्न ही वाट दाट जंगलातून आणि ओढ्यांच्या साथीने चढते. बहुसंख्य लोक मात्र तिसरीने, हॅटनच्या बाजूने जातात. कोलंबो किंवा कँडीहून रेल्वेने हॅटन, तिथून मस्केलियामार्गे बसने नल्लतन्निया. हे पायथ्याचे गाव परदेशी प्रवाशांच्या पुस्तकांत ‘डलहौसी’ या इंग्रजी मळ्याच्या नावाने भेटते. इथून माथ्यापर्यंत अंतर सुमारे सात किलोमीटर, उंचीतला फरक जवळजवळ हजार मीटर आणि पायऱ्या सुमारे साडेपाच हजार. सवयीच्या माणसाला तीन, इतरांना चार तास लागतात. सूर्योदय गाठण्यासाठी रात्री दीड-दोनला निघावे लागते.

सुरुवातीला चहाचे मळे, त्यांत काम करणाऱ्या तमिळ कुटुंबांच्या वस्त्या, एक मकरतोरण आणि जपानी बौद्ध भिक्षूंनी उभारलेला पांढरा शांतिस्तूप लागतो. तोपर्यंतची चढण फसवी, म्हणजे सौम्य. मग पायऱ्या उभ्या होत जातात, आणि शेवटच्या टप्प्यात गुडघा आणि पुढची पायरी यांत फारसे अंतर उरत नाही. हंगामात संपूर्ण वाटेवर दिवे असतात. पायथ्यापासून पाहिले तर डोंगर दिसतच नाही. काळोखात वळणे घेत आकाशात चढलेली दिव्यांची ओळ दिसते आणि तिचा शेवट कुठे होतो आणि तारे कुठे सुरू होतात ते कळत नाही. वाटेवर पावलापावलाला दुकाने. त्यांत बिनदुधाचा चहा मिळतो आणि सोबत गुळाचा खडा. एक तुकडा दाताखाली धरायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा. हा गूळ कितुल झाडाच्या रसाचा, म्हणजे कोकणात ज्याला भेरली माड म्हणतात त्याच झाडाचा.

या वाटेला तिची स्वतःची भाषा आहे. एकत्र निघालेल्या गावकऱ्यांच्या जथ्याला ‘नडे’ म्हणतात आणि त्यातल्या जाणत्या, अनेकदा वर जाऊन आलेल्या माणसाला ‘नडे गुरा’. केव्हा थांबायचे, काय बोलायचे, काय बोलायचे नाही, हे तो सांगतो. पहिल्यांदाच चढणारा तो ‘कोडुकारया’. उतरणारे आणि चढणारे एकमेकांना ‘करुणावयि’ म्हणतात. वारीत ‘माऊली’ म्हणतात, त्याच जातीचे हे संबोधन. ‘अजून किती राहिले’ असे विचारणे किंवा चढण अवघड आहे असे म्हणणे अशुभ मानतात, ही रूढी कोणत्याही गिर्यारोहण संस्थेच्या नियमांपेक्षा शहाणपणाची वाटते. सीता गंगुल नावाच्या ओढ्यात स्नान करून पांढरे कपडे घालायची चाल आहे. इथे सीता म्हणजे शीत, थंड. पुढे इंदिकटुपान ही जागा लागते. बुद्धाने इथे थांबून चीवर शिवले अशी कथा आहे. यात्रेकरू सुई ओवून तिथल्या झुडपांवर दोरा सोडतात आणि हंगाम भरात आला की त्या दोऱ्यांचे पांढरे जाळे तयार होते.

माथा लहान आहे. चौथऱ्यावर पावलाचे मंदिर, समन देवाचे देऊळ, काही खोल्या आणि एक घंटा. जितक्या वेळा माणूस वर आला असेल तितके टोले द्यायचे. अंधारात एखादा म्हातारा पंधरा-वीस टोले देतो तेव्हा भोवतालच्या तरुणांच्या माना त्याच्याकडे वळतात. चपला-बूट काढावे लागतात आणि गार फरशीवर अनवाणी उभे राहणे हा या यात्रेतला खरा कस म्हणावा लागेल. उंचीनुसार दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. कोलंबोला रात्री २३-२४ अंश असतात तेव्हा इथे ९-१० अंश. वर वारा, आणि चढताना घामाने भिजलेला सदरा. उष्ण कटिबंधातले बेट म्हणून पातळ कपड्यांत आलेले पाहुणे कोपऱ्यात कुडकुडत बसलेले दिसतात. जाणकार लोक कोरडा सदरा आणि कानटोपी पिशवीत ठेवतात आणि चारच्या आत वर पोहोचायची घाई करत नाहीत.

सूर्योदयाच्या दर्शनाला सिंहलीत ‘इर सेवया’ म्हणतात, म्हणजे सूर्याची सेवा. मात्र सेवा करणारा कोण, याबद्दल लोककल्पना वेगळी आहे: सूर्यच पावलाला वंदन करायला येतो आणि तो उड्या घेत वर येतो. क्षितिजालगतच्या हवेचे कमी-अधिक तापलेले थर प्रकाश वेगवेगळा वाकवतात, त्यामुळे उगवते बिंब थरथरते, चपटे होते, कधी त्याचे तुकडे झाल्यासारखे दिसतात. ही उडी त्याच दृश्यातून सुचली असावी. बिंब दिसताच ढोल आणि सनईसारखी होरणे वाजू लागते आणि गर्दीतून ‘साधू, साधू’ असा घोष उठतो. एवढ्या उंचीवर समुद्राचे सपाट क्षितिज असते, तर किनाऱ्यापेक्षा पाच-सहा मिनिटे आधी सूर्य दिसला असता. प्रत्यक्षात पूर्वेला हॉर्टन प्लेन्सच्या तितक्याच उंच रांगा आडव्या आहेत आणि त्या ही मिनिटे परत घेतात.

सूर्य दिसला की बहुतेक पर्यटक तिकडेच तोंड करून छायाचित्रे काढत बसतात. जुने यात्रेकरू पाठ फिरवून पश्चिमेच्या कठड्याशी जातात, कारण श्रीपादचे खरे नवल तिकडे असते. डोंगराची सावली खालच्या धुक्यावर आणि मैदानावर पडते आणि तिचा आकार नेमका त्रिकोण असतो, रेघ मारावी तसा. माथ्यावर देऊळ आहे, खांब आहेत, एका बाजूला खांदा निघालेला आहे, तरी सावलीत यातले काही नाही. याचे कारण डोंगराच्या आकारात नसून पाहण्यात आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना सावली प्रचंड लांब असते. तो एक अंश वर असताना दोन हजार मीटरच्या डोंगराची सावली शंभर किलोमीटरच्याही पुढे जाते. तिच्या दोन्ही कडा समांतर जात असल्या तरी सरळ रस्त्याच्या कडा लांबवर एका बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात, तशा त्या मिळतात. म्हणून कुठल्याही डोंगराच्या माथ्यावरून त्याची पहाटेची सावली त्रिकोणीच दिसते, मग तो डोंगर सपाट माथ्याचा का असेना. श्रीपादवर ती इतकी ठळक दिसते, कारण पश्चिमेला सावली अडवायला दुसरा डोंगर नाही. थेट समुद्रापर्यंत मैदान आणि त्यावर धुके.

कधीकधी ही सावली जमिनीवर आडवी न दिसता पाहणाऱ्यासमोर हवेत उभी राहते. १८८० च्या दशकात राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी हा ब्रिटिश हवामानतज्ज्ञ हे पाहण्यासाठी रात्र काढून वर बसला होता. दरीतून तरंगत येणाऱ्या धुक्याच्या पडद्यावर सावली पडली की ती उभी राहिल्यासारखी वाटते आणि पडदा सरकला की पुन्हा जमिनीवर जाते, असा उलगडा त्याने केला. तेच धुके अगदी जवळ असेल, तर सावलीच्या टोकाभोवती रंगीत कडेही दिसते. महाराष्ट्रातल्या भटक्यांना हे कडे ठाऊक आहे: हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारे इंद्रवज्र ते हेच. पाण्याच्या सूक्ष्म थेंबांनी प्रकाश आला त्या दिशेला परत फेकल्यामुळे ते बनते आणि प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नाही.

दर चार मिनिटांना सूर्य एक अंश चढतो. तो पाच अंश वर आला की सव्वाशे किलोमीटरची सावली पंचवीस किलोमीटरवर येते, म्हणजे सारा खेळ वीस मिनिटांचा. त्यानंतर लोक उतरू लागतात आणि गुडघ्यांना खरी शिक्षा तेव्हा सुरू होते. रात्री न दिसलेले सारे आता दिसते: मस्केलियाजवळचा मौसाकेले जलाशय, मळ्यांच्या हिरव्या ओळी आणि भोवतालचे घनदाट रान. हे रान संरक्षित आहे. श्रीपादचे वन, हॉर्टन प्लेन्स आणि नकल्स डोंगररांग यांना मिळून २०१० मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या उंदुवप पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वेसाकपर्यंत. वेसाक म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, आणि उंदुवप बहुतेक वर्षी मार्गशीर्षातली, म्हणजे दत्तजयंतीची पौर्णिमा. दत्ताच्या पादुकांसाठी गिरनारच्या दहा हजार पायऱ्या रात्रीत चढणाऱ्या मराठी भाविकांना हा योगायोग नक्कीच आवडेल. हंगामाच्या आरंभी समन देवाची मूर्ती पेल्मडुल्लाच्या विहारातून मिरवत वर नेतात आणि अखेरीस परत आणतात. या तारखांमागे पंचांगाइतकाच पाऊस आहे. बेटावर दोन मोसमी पाऊस पडतात: मे ते सप्टेंबर नैऋत्येचा आणि साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा. श्रीपाद डोंगराळ प्रदेशाच्या पश्चिम कडेला असल्यामुळे नैऋत्येचा पाऊस त्याच्यावर थेट आदळतो, तर ईशान्येचा मधल्या डोंगरांनी अडवला जातो. जानेवारी ते एप्रिल हे महिने त्यातल्या त्यात निवळ. हंगामाबाहेर चढता येते, पण दिवे बंद, दुकाने बंद, पायऱ्यांवरून पाणी वाहते, जळवा पोटऱ्यांना चिकटतात आणि इतके करून वर ढगच भेटण्याची शक्यता अधिक. हंगामातही पौर्णिमा आणि शनिवार-रविवार टाळलेले बरे. त्या रात्री शेवटच्या पायऱ्यांवर गर्दी इतकी तुंबते की हजारो लोकांना सूर्य रांगेतच उगवतो. अर्थात सिंहली कुटुंबाला विचारले तर ते नेमकी पौर्णिमेचीच रात्र निवडील, कारण त्यांच्यासाठी गर्दी हा यात्रेचाच भाग आहे.

श्रीपादइतका दम नसेल किंवा वेळ नसेल त्यांच्यासाठी डोंगराळ प्रदेशाच्या पूर्व टोकाला एल्ला आहे. हे सुमारे हजार मीटर उंचीवरचे छोटे गाव गेल्या काही दशकांत पर्यटकांनी भरून गेले. इथल्या ‘लिटल अ‍ॅडम्स पीक’चा श्रीपादशी संबंध नावापुरता आणि थोडासा आकारापुरता, उंची १,१४१ मीटर, चढण पाऊण तासाची, तीही चहाच्या मळ्यातून. समोर एल्ला रॉकचा कडा आणि दोहोंमधल्या खिंडीतून दक्षिणेचे मैदान दिसते. एल्ला रॉक याहून कष्टाचा आहे. त्याची नेहमीची वाट काही अंतर रेल्वेच्या रुळांवरून जाते. पहाटेच्या अंधारात धुके असताना गाडी कुठल्या बाजूने येते हे ऐकूनच ओळखावे लागते, त्यामुळे तिथे कानात गाणी लावून चालणे हा शुद्ध वेडेपणा. जवळचा नऊ कमानींचा पूल १९२१ सालचा, पोलादाशिवाय दगड, विटा आणि सिमेंटने बांधलेला. कोवळ्या उन्हात तोही पाहून होतो. पावसाच्या बाबतीत एल्लाचे गणित श्रीपादच्या उलट पडते. नैऋत्येचा पाऊस डोंगरांच्या पलीकडे सांडून जातो आणि इकडे जुलै-ऑगस्टमध्ये कोरडे वारे वाहतात. उवा प्रांतातला नामांकित चहा याच वाऱ्यांत तयार होतो. श्रीपाद ढगांत बुडालेला असतो तेव्हा एल्लाच्या पहाटा निवळ असतात.

एल्लापासून रेल्वेने थोड्या अंतरावर हापुतले आहे. तिथून दंबतेन्नेच्या चहा कारखान्यापर्यंत वाहनाने आणि पुढे सुमारे सात किलोमीटर मळ्यातून चालत गेले की ‘लिप्टन्स सीट’ येते. हा कारखाना टॉमस लिप्टनने १८९० मध्ये उभारला, आणि आपला मळा तो या टेकाडावरून न्याहाळत बसे असे सांगतात. आता तिथे त्याचा पुतळाच बसवला आहे. खरे पाहता इथली गंमत माथ्यापेक्षा वाटेत जास्त आहे. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास खुडणीला निघालेल्या बायका, तमिळ शाळांतली मुले, वळणावरची छोटी देवळे हे सारे चालणाऱ्यालाच दिसते. रिक्षाने थेट वर जाणाऱ्यांना फक्त दृश्य मिळते, आणि तेही ढग आले नसतील तर.

हॉर्टन प्लेन्सचे पठार दोन हजार मीटरच्या वर आहे. हे राष्ट्रीय उद्यान असून दार सकाळी सहाच्या सुमारास उघडते, त्यामुळे ‘वर्ल्ड्स एंड’ या टोकावर प्रत्यक्ष सूर्योदय गाठता येत नाही. तरी पहिल्या तासातच आत शिरावे लागते, कारण नऊ-दहानंतर तिथे धुके हमखास. पठाराची कड इथे सुमारे ८७० मीटर खाली तुटते. महाबळेश्वरचे पॉइंट पाहिलेल्या माणसालाही इथे आधी एक पाऊल मागे सरकावेसे वाटते. नऊ किलोमीटरचा फेरा गवताळ माळ, खुजी वाकडी झाडे आणि बेकर धबधबा यांवरून परत दाराशी आणतो. दाराशी पिशव्या तपासून प्लास्टिक काढून घेतात, आणि वाहनतळापाशी माणसाळलेली सांबरे खाण्याच्या आशेने उभी असतात. त्यांना काही न देणेच योग्य.

डोंगराळ प्रदेश सोडून उत्तरेला कोरड्या सखल मुलखात उतरले की पहाटेचे दृश्य बदलते. तिथे चढण थोडी आणि क्षितिज सगळीकडून मोकळे. पाचव्या शतकातल्या काश्यप राजाचा सिगिरिया हा दोनशे मीटरचा खडक सर्वांना ठाऊक आहे, पण सिगिरियावर उभे राहिले की सिगिरियाच दिसत नाही. म्हणून सूर्योदयाला लोक उत्तरेकडच्या पिदुरंगल खडकावर जातात. पायथ्याला विहार आहे, तिथे खांदे-गुडघे झाकावे लागतात. वाटेत कातळाखाली विटांत घडवलेला निजलेला बुद्ध लागतो. अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेचा शेवट मोठमोठ्या धोंड्यांमधून हात टेकत, अंग चोरत जातो, आणि मग एकदम उघडा, उतरता कातळ. सूर्य डाव्या हाताला उगवतो आणि समोरच्या सिगिरियाची एक बाजू आधी तांबूस, मग पिवळी होत जाते, दुसरी मात्र बराच वेळ निळसरच राहते. कातळाला कठडा नाही. छायाचित्रासाठी मागे मागे सरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

समुद्रातून उगवणारा सूर्य पाहायचा तर पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला जावे लागते, आणि तेही मे ते सप्टेंबर, जेव्हा पश्चिमेकडे पाऊस असतो. इथल्या स्वामी रॉकवर चढ असा नाहीच. किल्ल्याच्या दारातून रस्ता हळूहळू कड्याच्या टोकाला नेतो. त्या टोकावर कोणेश्वराचे शिवमंदिर आहे. मूळ मंदिर सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले आणि त्याचे दगड किल्ल्याला लावले. आजचे मंदिर अलीकडचे. किल्ल्यात चितळ मोकळे फिरतात आणि पहाटे मंदिराच्या वाटेवर आडवे बसलेले असतात. पुजाऱ्यांची पहिली पूजा चालू असताना बंगालच्या उपसागरातून सूर्य वर येतो. मध्ये डोंगर नाही, धुके नाही, त्यामुळे पाण्याच्या रेषेवर बिंबाचा पहिला बिंदू दिसल्यापासून पूर्ण बिंब सुटे होईपर्यंत दोन-अडीच मिनिटेच लागतात. सातपर्यंत कातळ तापतो, आणि अनवाणी आलेले भाविक सावली शोधत किल्ल्याच्या दाराकडे परतू लागतात.